प्रतिमतदार विद्याधर चौबळ

विद्याधर चौबळ वारले त्या दिवशी उत्तर कॅरोलिना राज्यात ते एकूण तीन हजार एकशे चाळीस माणसं होते.

ही गोष्ट त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, केतकीला, बाराव्या दिवशी कळली, आणि तीही एका परक्या बाईच्या तोंडून.

विद्याधर राहत त्या केरी गावातले गुरुजी आठवडाभर एका औषध कंपनीत नोकरी करत, त्यामुळे दहावं-बारावं सगळं शनिवारी एकत्र उरकलं होतं. मंडळी जेवली, हळहळली आणि आपापल्या गाड्यांनी गेली. केतकी एकटीच मागे भांडी विसळत होती, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. अंगात फिकट सुती कुर्ता, हातात स्टीलचा डबा.

"मी वेदश्री इंगोले," ती म्हणाली. "काकांकडे यायचे मी. एक गुरुवार सोडून एक."

केतकीला वाटलं, मराठी मंडळाची कुणी स्वयंसेवक असेल. वेदश्री आत आली. चपला जिथे काढायच्या बरोबर तिथेच काढल्या, आणि "चहा मी टाकते ताई, तुम्ही टेका जरा" म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेली. शेगडीच्या उजवीकडचा, खालून दुसरा खण तिने न शोधता उघडला आणि गाळणी काढली.

ती गाळणी केतकी बारा दिवस शोधत होती.

"हा डबा परत द्यायचा राहिला होता," वेदश्री म्हणाली. डब्याच्या झाकणावर 'सौ. सुलभा वि. चौबळ' असं नाव कोरलेलं होतं. केतकीच्या आईचं. आईच्या लग्नातला डबा.

"काय होतं यात?"

"कोथिंबीरवड्या. काका करायचे ना. तिखट जरा हात सोडूनच घालायचे, पण खुसखुशीत एकदम."

"बाबा? वड्या?"

"व्हिडिओ बघून शिकले. पहिल्यांदा तर वाफवायचंच विसरले, पीठ तसंच सोडलं तेलात!" वेदश्री हसली आणि मग ओशाळली. "तुम्हाला दिल्याच असतील म्हणा."

"हो तर," केतकी म्हणाली.

केतकी दर रविवारी डरहॅमहून वीस मिनिटं गाडी चालवत येत असे. सहा वर्षांत बाबांनी तिच्यापुढे बिस्किटांपलीकडे काही ठेवलं नव्हतं.

"तुम्ही नेमकं काय करता?" तिने विचारलं.

तेव्हा वेदश्रीने सांगितलं.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष साऱ्या देशाच्या बेरजेवर ठरत नाही. बहुतेक राज्यं आख्खीच्या आख्खी एकाच उमेदवाराच्या पदरात पडतात, आणि त्यांतली चाळीसेक कुणाच्या पदरात पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उरलेल्या सात-आठ राज्यांत काही हजार मतं इकडची तिकडे झाली की देश इकडचा तिकडे होतो. उत्तर कॅरोलिना हे त्यांपैकी एक. एकेकाळी इथे तंबाखूची शेतं होती. मग प्रयोगशाळा आल्या, त्यांच्यामागोमाग तेलुगू, गुजराती, मराठी माणसं आली. ती आधी व्हिसाच्या रांगेत उभी राहिली, मग ग्रीन कार्डाच्या आणि शेवटी मतदानाच्या. त्यांच्याबरोबर त्यांचं वयही वाढत गेलं, आणि म्हातारं माणूस जगात कुठेही मतदान चुकवत नाही. २०३६ साल उजाडेतो 'भारतीय आजोबा' नावाची मतदारांची एक नवीच जात तयार झाली होती, आणि तिच्या मनात काय आहे हे दोन्ही पक्षांना कळता कळत नव्हतं.

कारण विचारायची सोयच उरली नव्हती. मतचाचणीवाल्यांचा फोन शंभरात दोघेही उचलत नसत. त्यावर तोडगा निघाला तो प्रतिमतदाराचा. थोडी माणसं निवडायची. त्यांच्या घरी, त्यांच्या मातृभाषेत, वर्षानुवर्षं एकाच मुलाखतकाराने जाऊन बोलायचं. ते सगळं बोलणं यंत्राला शिकवायचं. यंत्रातून त्या माणसाची एक बोलती प्रतिकृती तयार होते. मूळ माणूस दिवसाला दहा प्रश्नांनी कंटाळेल. प्रतिकृतीला हजार विचारा. उमेदवाराने भाषणात हा शब्द घातला तर तुम्ही बिथराल का? तो काढला तर?

हे केतकीला चटकन कळलं. ती डरहॅमच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. बाटलीभर पाणी तपासून आख्ख्या शहराच्या नळांबद्दल सांगायचं, हेच तिचं रोजचं काम.

"आणि तीन हजार एकशे चाळीस?"

"पश्चिम भारतातून आलेले, सत्तरीच्या पुढचे, नागरिक झालेले पुरुष या राज्यात साडेनऊ हजारांच्या आसपास आहेत. त्यांतले बोलायला तयार झाले तिघे. शार्लटचे एक गुजराती मोटेलवाले, विल्मिंग्टनचे गोव्याचे एक डॉक्टर आणि आपले काका." 'आपले' म्हणताना वेदश्रीचा आवाज जराही अडखळला नाही. "म्हणजे एकेकाच्या माथी तीन हजारांवर माणसं. काका जे म्हणतील ते तेवढी माणसं म्हणताहेत, असं धरायचं."

मग तिने पिशवीतून एक पाकीट काढलं. मृत माणसाची प्रतिकृती पंचेचाळिसाव्या दिवशी पुसून टाकायची, असा कायदा होता. मात्र जवळच्या नातेवाइकाने सही दिली तर ती येत्या निवडणुकीपर्यंत ठेवता येत असे. सहीआधी नातेवाइकाला प्रतिकृतीशी एक तास बोलायचा हक्क होता. एकच तास, आणि एकदाच.

"म्हणजे बाबा तुमच्याशी नोव्हेंबरपर्यंत बोलत राहणार."

"कामापुरतं, ताई."

"एकूण किती बैठका झाल्या तुमच्या?"

"एकशे त्रेचाळीस." वेदश्रीला आकडा आठवावा लागला नाही. "काका माझ्याशी फार... माझे वडील अकोल्याला आहेत. आमचं बोलणं बंद होतं. काकांनीच सुरू करून दिलं."

केतकीने पाकीट डब्याखाली सरकवलं. वेदश्री गेल्यावर तिने तिचा कप दोनदा घासला.

नंतरचे दिवस तिने हिशेबात नसलेल्या गोष्टी आठवण्यात घालवले. एकशे त्रेचाळीस गुरुवार. स्वतःच्या रविवारांची संख्या त्याच्या दुप्पट असेल. पण तिच्या रविवारी काय होत असे? ती गोळ्यांचा डबा तपासायची. नळाच्या फिल्टरकडे पाहायची. बाबा पेपर वाचायचे. "पाऊस दिसतो बाहेर." "हो, संध्याकाळी सांगितलाय." मग ती निघायची.

हे सगळं एस्थरपासून सुरू झालं होतं.

नऊ वर्षांपूर्वी केतकीची आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, तेव्हा घानाहून आलेली एस्थर नावाची सेविका दिवसभर तिच्यापाशी असे. तिला अंघोळ घाली, केस विंचरी, मऊभात करायलाही शिकली होती. देश म्हातारा होत चालला होता, म्हणून सरकारने सेविकांसाठी नवा व्हिसा काढला होता: तीन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. नागरिकत्वाचं नाव काढायचं नाही. एस्थरची तीन वर्षं भरली, ती रडत रडत गेली, आणि सात आठवड्यांनी आई गेली.

तिचे दिवस झाल्यावर जेवणाच्या टेबलाशी बाबा म्हणाले होते, "नियम सगळ्यांना सारखा. आम्ही सतरा वर्षं रांगेत काढली. कुणी मधे घुसू दिलं नाही."

"बाबा, जे हात आईला अंघोळ घालतात, त्या हातांनी मतपेटीला शिवायचं नाही, हा कुठला नियम?" केतकी म्हणाली होती. आणि मग, जे म्हणायला नको होतं ते: "तुम्ही एकदा तरी घातली होती का तिला अंघोळ?"

बाबा ताटावरून उठले. त्यानंतर पाऊस, गोळ्या आणि फिल्टर.

म्हणजे ज्या साली तिच्याशी बोलणं संपलं, त्याच साली बाबांना दुसरी मुलगी मिळाली. अकोल्याची, हसरी, भांडण न करणारी. तिच्यासाठी ते कोथिंबीर चिरायला बसले. ज्या माणसाने जन्मात कधी आपलं ताट उचललं नव्हतं, त्याने एका मतचाचणीवालीसाठी कढई चढवली. केतकीला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या छातीत काहीतरी करपत राहिलं, तेल जास्त तापल्यासारखं. ऑफिसात नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता ती मनातल्या मनात वेदश्रीची उलटतपासणी घेई. त्यांना कुठलं गाणं आवडायचं? रात्री झोप लागायची? आईबद्दल काय सांगितलं? आणि खरी भीती अशी, की या सगळ्याची उत्तरं त्या बाईला ठाऊक असणार.

पंचेचाळिसाव्या दिवशी, ऑगस्टच्या अखेरीस, ती वेदश्रीच्या मतचाचणी संस्थेच्या कार्यालयात गेली ती एकच गोष्ट पक्की ठरवून. तास घ्यायचा, सही द्यायची नाही. आपल्याला मिळाले नाहीत, तर त्यांनाही मिळू द्यायचे नाहीत.

वेदश्री बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने उठून काही बोलायचा प्रयत्न केला. केतकी मान हलवून पुढे गेली.

हॉलिस नावाचा उंच, अदबशीर गृहस्थ तिला काचेच्या एका खोलीत घेऊन गेला. आत एक खुर्ची, एक पडदा, एक ध्वनिक्षेपक. "चेहरा दिसणार नाही," तो म्हणाला. "कायद्याने फक्त आवाज. बोललेलं बाहेर ऐकू येत नाही आणि नोंदलंही जात नाही. तास तुमचा आहे. मधे बाहेर आलात तर घड्याळ थांबेल." मग तो जरा घुटमळला. "आणखी एक. तो तुम्हाला वेदश्री म्हणेल."

"का?"

"त्याचं सगळं शिक्षण एकाच बाईबरोबरच्या बोलण्यावर झालंय. त्याच्या जगात समोरच्या खुर्चीत बसणारं माणूस एकच आहे. तिथे कुणीही बसलं तरी ते तीच असतं. पुष्कळ नातेवाइकांना ते जड जातं."

दार बंद झालं. केतकी बसली. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली आणि बाबा म्हणाले, "ये ये, वेदश्री. आज उशीर केलास?"

आवाज हुबेहूब होता. पण हा रविवारचा आवाज नव्हता. हा मोकळा, जरा चढा, चेष्टेला तयार असलेला आवाज आई असतानाचा होता, आणि केतकी तो जवळजवळ विसरून गेली होती.

"बाबा, मी केतकी."

"केतकी रविवारी येते गं. आज गुरुवार ना? काय, थट्टा करतेस का म्हाताऱ्याची?" मग लगेच, "अकोल्याला फोन केलास की नाही?"

उठून जावं असं केतकीला वाटलं. घड्याळ चालू होतं.

"केला, काका," ती म्हणाली. जन्मदात्याला काका म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

"शाब्बास. काय म्हणाले?"

"बोलले. बराच वेळ."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? बाप माणूस वाटच बघत असतो. स्वतःहून फोन करायला मात्र त्याचा हात मोडतो."

केतकीने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग अर्धा तास ती वेदश्री होऊन बसली, आणि बाबा बोलले. मुरबाडच्या शाळेबद्दल बोलले. अमेरिकेत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात पायजम्यावर सूट चढवून ऑफिसला गेलो होतो, असं सांगून ते स्वतःच खो खो हसले. सुलभाच्या साड्या अजून कुणाला दिल्या नाहीत, हात होत नाही, म्हणाले. केतकीला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. सांगणारा सांगत होता आणि तिला वाटत होतं, आपण कुणाचं तरी पत्र फोडून वाचतो आहोत.

शेवटी तिने ज्यासाठी जीव अडकला होता ते विचारलं. "काका, तुमची मुलगी येते का हो भेटायला?"

"येते की! रविवारी दहाच्या ठोक्याला. एकदाही चुकली नाही. पाण्यातली फार जाणकार आहे ती. आमच्या फिल्टरकडे नुसतं बघून सांगते किती दिवस चालेल."

"मग गप्पा होत असतील."

"छे. तिच्याशी बोलायची भीती वाटते मला."

"भीती कसली?"

"एकदा बोललो होतो. तिने एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, अजूनही नाही." हिरवी रेघ क्षणभर सपाट झाली. "जाऊ दे. तू तुझे प्रश्न काढ. नाहीतर साहेब रागावेल तुझा."

केतकीला प्रश्न माहीत नव्हते. तिने डोक्यात आला तो विचारला. गेले दोन महिने बातम्यांत तोच गाजत होता. एका उमेदवाराने जूनमध्ये शार्लटच्या सभेत जाहीर केलं होतं की तीन वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या परदेशी सेविकांना नागरिकत्व देऊ. सगळ्यांना अचंबा वाटला होता, कारण असल्या घोषणेने वयस्क मतदार बिथरतात असा समज होता. जाणकार म्हणत होते, भारतीय आजोबांचं मत बदललंय म्हणे, आकडे तसं सांगताहेत.

"सेविकांच्या नागरिकत्वाबद्दल तुमचं मत काय, काका?"

"कितीदा लिहून घेशील? जे हात आपल्या माणसाला अंघोळ घालतात, त्या हातांनी मतपेटीला शिवायचं नाही, हा कुठला नियम?"

उमेदवाराने शार्लटला हेच वाक्य म्हटलं होतं. बातम्यांत ते ऐकलं तेव्हा केतकीला नवल वाटलं होतं, की आपल्यासारखंच बोलणारं कुणीतरी या देशात आहे.

"हे वाक्य तुमचं आहे?"

"माझं कुठलं! मला एवढं सुचतंय होय? केतकीचं आहे ते."

"पण तुम्ही तर तुमचं मत म्हणून सांगता."

"अगं, मग काय करू? तूच नाही का म्हणालीस चहा पिता पिता, की तिच्या वयाचे लोक फोन उचलत नाहीत, त्यांना काय वाटतं ते कुणाच्या यादीतच येत नाही? केतकी कुणाचा फोन उचलत नाही. माझाही दुसऱ्या खेपेला उचलते. म्हटलं, एवढी हुशार पोर, एवढं नेमकं बोलते, ते वाया जायला नको. आमच्या मुरबाडला जनगणनेचा माणूस आला की माझे वडील ओट्यावर बसून अकरा जणांची उत्तरं द्यायचे. आजीचं वय, काकूचं शिक्षण, सगळं. आतून कुणी बाहेर यायचं नाही. कर्त्याने सांगितलं की घराचं सांगून झालं. तसंच मी केलं. माझं मत काय, माझ्यासारखे म्हातारे पुष्कळ आहेत ते सांगायला. तिचं कोण सांगणार?"

"सगळ्या प्रश्नांना असंच?"

"जमेल तितक्यांना. काही वेळा अडायचो. मग रविवारी ती फोनवर ऑफिसातल्या लोकांशी बोलायची ते कान देऊन ऐकायचो. पेपर तोंडासमोर धरला की कळत नाही कुणाला." बाबा स्वतःवर खूश होऊन हसले.

"आणि तुमचं स्वतःचं, काका? तुम्हाला काय वाटतं?"

"ते मी मतपत्रिकेवर लिहितो. तिथे कुणी चहा मागत नाही." मग आवाज खाली आला. "हे बघ, कधी भेटलीस तिला तर यातलं काही सांगू नको हं. चिडेल. म्हणेल, माझ्या तोंडचं बोलायला तुम्ही कोण?"

केतकी उठली. घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. दार उघडताच आकडे थांबले.

बाहेर आल्यावर तिने हॉलिसकडून अर्ज घेतला. सहीच्या वर एक ओळ छापलेली होती: 'सदर उत्तरं ही मृत व्यक्तीची स्वतःची मतं होती, असं माझ्या माहितीप्रमाणे मी नमूद करते.'

ती वेदश्रीच्या बाकावर, तिच्यापासून हातभर अंतर सोडून बसली आणि तिने जे ऐकलं ते सगळं सांगितलं. सांगताना वेदश्रीच्या चेहऱ्याकडे ती मुद्दाम पाहत होती. आपल्याला इतके दिवस जे लागलं ते हिलाही लागावं, अशी तिची इच्छा होती. ते लागलं. वेदश्रीचा रंग उतरला.

"चहाच्या गप्पा यंत्रात जातात, पण तक्त्यात येत नाहीत," ती हळूच म्हणाली. "मी त्या नुसत्या गप्पा समजले. जनगणनेची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती, ताई. दोन्ही वेळा मी हसले." मग ती म्हणाली, "म्हणजे तीन हजार एकशे चाळीस आजोबा म्हणून आम्ही जे मोजत होतो, ते..."

"मी होते."

"आणि ते भाषणही तुमचंच."

"कळवलं तर काय होईल?"

"काकांना आजच पुसतील. सहा वर्षांचे आकडे रद्द होतील. भाषणातलं ते वाक्य आठवडाभरात जाईल, कदाचित घोषणाही जाईल. खरे आजोबा काय म्हणताहेत ते कुणालाच माहीत नाही." वेदश्रीने हात मांडीवर घट्ट दाबून धरले. "आणि नाही कळवलं तर कुणालाही कळणार नाही, ताई. आतलं नोंदलं जात नाही. तुम्ही सही केलीत तर काका नोव्हेंबरपर्यंत राहतील. एस्थरसारख्या बायकांचं कदाचित भलं होईल. मी माझ्यासाठी म्हणत नाहीये."

"स्वतःसाठीसुद्धा म्हणताय."

"हो," वेदश्री म्हणाली. "स्वतःसाठीसुद्धा."

केतकी अर्जाकडे पाहत राहिली. सही केली तर तिचं मत तीन हजार पटींनी मोठं होऊन बाबांच्या आवाजात बोलत राहणार होतं. तिला जे हवं होतं तेच बोलणार होतं. पण दर वेळी समोरच्या खुर्चीत वेदश्री असणार होती. बाबा बोलले ते केतकीबद्दल, पण बोलले हिच्याशी, आणि या गोष्टीवर कुठलीही सही चालणार नव्हती. नमुन्याच्या बाटलीत दुसऱ्याच विहिरीचं पाणी आहे हे कळल्यावर अहवाल पुढे पाठवायचा नसतो, हे तर ती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकली होती. हा निर्णय प्रामाणिकपणाचा किती आणि मत्सराचा किती, हे तिने स्वतःला विचारलं. उत्तर फारसं भूषणावह नव्हतं. तरी हात थांबला नाही.

तिने छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'ही मतं माझी आहेत. केतकी विद्याधर चौबळ.'

हॉलिसने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "संध्याकाळी पाचला पुसलं जाईल."

वेदश्रीने डोळे पुसले. ती म्हणाली, "मग तुमची उत्तरं आता तुम्हीच द्या ना, ताई. तुमच्या वयाच्या बायका आमच्याकडे जवळजवळ नाहीतच."

"तुम्हाला?"

"दुसरी कुणी येईल. मी नको असेन तर."

तेवढ्यात हॉलिस खोलीच्या दारावरच्या आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमची बारा मिनिटं शिल्लक आहेत. वापरणार का?"

वेदश्री एकदम उभी राहिली. तिने काही मागितलं नाही. फक्त काचेकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीकडे वळवली. पण केतकीला कळायचं ते कळलं. पंचेचाळीस दिवस ही बाई कुणाकडे रडली असेल? हिला कुणी भेटायला आलं नसेल. हिच्याकडे कुणी वरण-भात घेऊन आलं नसेल. ही त्यांची कुणीच नव्हती.

"नातेवाइकाऐवजी दुसरं कुणी आत जाऊ शकतं?" केतकीने विचारलं.

"वेळ तुमचा आहे. कुणाला द्यायचा तो तुमचा प्रश्न."

"जा," केतकी वेदश्रीला म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून कोरडा निघाला. "ते विचारत होते, उशीर का केलास म्हणून."

दार लागलं. काचेतून वेदश्रीची पाठ दिसत होती. आतल्या आवाजाला माणूस बदललेलं कळणारच नव्हतं. त्याच्या लेखी वेदश्री मघापासून तिथेच बसलेली होती, आणि केतकी जिथे उठली तिथूनच तो पुढे बोलणार होता. वेदश्री काहीतरी म्हणाली, मग मान कलती करून ऐकू लागली. एकदा तिने मागे वळून केतकीकडे पाहिलं, फार विचित्र नजरेने, आणि पुन्हा पडद्याकडे वळली. तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे की काय, असं केतकीला वाटलं. मग तिने तोंडावर हात घेतला आणि कळलं, की ती हसते आहे. मोठ्याने हसते आहे. बाबांनी काहीतरी सांगितलं होतं. काचेतून एक शब्द ऐकू येत नव्हता.

केतकी दारावरचे आकडे पाहत उभी राहिली. पाच. सात. वेदश्री खुर्चीत पुढे सरकून बसली होती, आपल्याच घरात बसावं तशी. नऊ. दहा.

अकरा मिनिटं झाली तेव्हा केतकीने दार वाजवलं.

वेदश्री बाहेर आली. डोळे सुजलेले, ओठांवर हसू अजून अर्धवट राहिलेलं. तिने आकड्यांकडे पाहिलं. "अजून एक मिनिट आहे ना, ताई?"

"आहे," केतकी म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.